मूल कोणत्या मंडळीचं?

ख्रिस्ती पंथांतला फरक समजावून सांगा म्हटलं, की जाणकार पोपपासून सुरुवात करतात. मग बिशप, मारियेची भक्ती, मूर्ती, धूप, मेणबत्त्या. ऐकणारा अर्ध्यात कंटाळतो. मला विचाराल, तर पंथ ओळखायचा असेल तेव्हा त्या पंथात तान्ह्या मुलाचं काय करतात, एवढंच आधी बघावं.

कॅथलिक घरात मूल काही आठवड्यांचं झालं की त्याचा स्नानसंस्कार होतो. सातव्या-आठव्या वर्षी ते पहिला ख्रिस्तप्रसाद घेतं आणि पुढे कधीतरी बिशपच्या हातून त्याचं दृढीकरण होतं. केरळातल्या ऑर्थोडॉक्स घरात या तिन्ही गोष्टी एका दमात उरकतात. ज्याला अजून दात आलेले नाहीत अशा बाळाच्याही ओठांना प्रभुभोजनाचा द्राक्षारस लागतो. नगरच्या जुन्या मंडळीत बाळाचा बाप्तिस्मा होतो, पण प्रभूच्या मेजाशी यायला त्याला मोठं व्हावं लागतं, शिकावं लागतं आणि सगळ्या मंडळीसमोर उभं राहून विश्वास कबूल करावा लागतो. बॅप्टिस्टांकडे पाळक बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात, आशीर्वाद देतात, पण पाण्याचा थेंब लावत नाहीत. ते पाणी त्या बाळानं एक दिवस स्वतः मागायचं असतं. मुक्तिफौजेत तर पाण्याचा बाप्तिस्मा मुळीच नाही.

या रीतींच्या मुळाशी एकच भांडण आहे. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी आलेलं मूल जन्मतःच देवाच्या घरचं असतं, की त्याला एक दिवस दार वाजवून आत यावं लागतं? याला जोडूनच दुसरं भांडण येतं, आणि ते पहिल्याहून कडवट असतं: हे ठरवायचं कोणी? आईनं, बापानं, चर्चनं, सरकारनं की त्या मुलानं? प्रस्तुत संग्रहातले लेख आईवडिलांनी, आजीआजोबांनी आणि संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्यांनी लिहिले आहेत. त्यांत ईश्वरविज्ञान कमी आणि घरातली ओढाताण जास्त आहे. पण त्या ओढाताणीला मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला तर हे लेख नुसत्या घरगुती तक्रारी वाटण्याचा धोका आहे. म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

जानेवारी १५२५ मध्ये झुरिकच्या नगरसभेनं हुकूम काढला, की ज्यांनी आपल्या बाळांचा बाप्तिस्मा केलेला नाही त्यांनी तो आठ दिवसांत करून घ्यावा. नगरसभा कॅथलिक नव्हती. ती झ्विंग्लीच्या सुधारणेच्या बाजूची होती. पण झ्विंग्लीच्याच काही तरुण शिष्यांचं म्हणणं होतं, की ज्याला काही कळत नाही अशा बाळाच्या बाप्तिस्म्याला शास्त्रात आधार नाही. त्यांनी त्याच महिन्यात एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवण्यात आलं. एका प्रॉटेस्टंट शहरानं एका प्रॉटेस्टंट माणसाला बाळांच्या बाप्तिस्म्यावरून मारलं. आज मेनोनाइट आणि आमिश लोक या परंपरेचे वारस आहेत.

मार्टिन ल्यूथरनं बाळांचा बाप्तिस्मा कायम ठेवला, पण त्याची काळजी वेगळी होती. सॅक्सनीतल्या खेड्यांची पाहणी करून तो परतला तेव्हा हादरलेला होता: लोकांना प्रभूची प्रार्थना येत नव्हती, आणि काही ठिकाणी पाळकांनाही धड येत नव्हती. १५२९ मध्ये त्यानं लहान प्रश्नोत्तरी लिहिली. ती पाळकासाठी होतीच. पण घरच्या कर्त्यानं आपल्या माणसांना सोप्या रीतीनं कसं शिकवावं, हेही तिच्यात प्रकरणागणिक सांगितलं होतं. मुलांना धर्म शिकवण्याचं काम ल्यूथरनं घराच्या ओसरीवर आणून ठेवलं. पुढे सगळ्याच पंथांनी आपापल्या प्रश्नोत्तऱ्या काढल्या, आणि ओसरीवरचं काम हळूहळू पुन्हा चर्चच्या वर्गखोलीत गेलं. १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं रविवारची शाळा काढली ती आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या गरीब मुलांना निदान वाचायला यावं म्हणून. तिचंच पुढे संडे स्कूल झालं, आणि खात्यापित्या घरांतल्या आईवडिलांनीही मुलांचा धर्म तासाभराच्या त्या वर्गाकडे सोपवून टाकला. माझ्या मते गेल्या अडीचशे वर्षांत ख्रिस्ती घराचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कशानं झालेलं नाही. हे मत संग्रहातल्या शिक्षिकांना रुचणार नाही, हे मला माहीत आहे.

संडे स्कूल असं पसरत होतं तेव्हा अमेरिकेत उजाळ्याच्या सभांचं पेव फुटलं होतं. माणसानं आधी आपण पापी आहोत हे ओळखून रडावं, मग त्याचा पालट व्हावा, अशी ठरलेली वाट. मुलांनाही तीच. हार्टफर्डचे काँग्रिगेशनल पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये एका पुस्तकात या रीतीवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की ख्रिस्ती घरात मूल असं वाढावं की आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असं त्याला आठवूच नये. छापणाऱ्या संडे स्कूल संस्थेवर इतकी टीका झाली की तिनं पुस्तक मागे घेतलं. मराठी वाचकाला हे दूरचं वाटेल, पण ज्या अमेरिकन मराठी मिशननं १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून नगरला काम केलं, त्याची मुळं याच काँग्रिगेशनल मंडळ्यांत होती. पालटावर भर द्यायचा की पालनपोषणावर, हा त्यांच्या घरचा वाद आपल्याकडेही जहाजातून आला.

आपल्याकडे मात्र त्याच्या आधी कोर्ट आलं. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या आसपास, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. वडील सुप्रीम कोर्टात गेले. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाला वडिलांच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. मग श्रीपतला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही यावरून ब्रह्मवृंदात खडाजंगी झाली. त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. थोरला भाऊ पुढे पाळक झाला आणि जालन्याजवळ त्यानं बेथेल वसवलं. या खटल्याची आठवण सहसा धर्मांतराच्या राजकारणासाठी काढली जाते. मला त्यात दिसतो तो बारा वर्षांचा मुलगा. मिशन, बाप, कोर्ट आणि ब्रह्मवृंद असे चौघे त्याच्याबद्दल बोलत होते.

चाळीस वर्षांनी हाच प्रश्न एका मराठी आईपुढे आला, तोही ख्रिस्ती घरात. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे उतरल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं, मनोरमेनं, बाप्तिस्मा घेतला. मनोरमा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या आणि मुलगी बराच काळ वाँटेजला सिस्टरांच्या देखरेखीत राहिली. इथे ठिणगी पडली. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक आई. त्यांच्या दृष्टीनं मूल चर्चचं होतं आणि चर्चची शिकवण त्याला जशीच्या तशी मिळायला हवी होती. रमाबाईंचं स्वतःचं अजून त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर समाधान झालेलं नव्हतं. जे मी मानत नाही ते माझ्या मुलीला माझ्या माघारी का शिकवता, हा त्यांचा सवाल. आपण बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या नावानं घेतला, अमुक एका पंथाच्या सगळ्या मतांना मुंडी हलवण्याचा करार केलेला नाही, ही भूमिका त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहून मांडली. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी त्यांच्याशी वाद घातला, पण ऐकून घेत घेत. सिस्टरांना मात्र त्यात गर्व दिसला. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केला. मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसानं तो वाचावा. त्यातली आई चुकते, चिडते, टोचून बोलते, पण मुलीवरचा आपला हक्क सोडत नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला निघाल्या, त्या मनोरमेला घेऊनच. सिस्टरांना ते आवडलं नाही. पुढे कामाचा रगाडा वाढल्यावर मात्र त्यांनी मुलीला परत वाँटेजलाच धाडलं. यात विसंगती शोधणारे शोधोत. लहान लेकरू आणि डोंगराएवढं काम सोबतच पेलणाऱ्या बाईला ज्या घरात मुलीला माया मिळाली होती ते घर आठवलं, एवढंच मला त्यातून कळतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि रमाबाईंच्या भक्तांना तिचा पुढचा भाग सांगायला आवडत नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. इथे धर्मशिक्षण दिलं जाणार नाही अशी हमी होती, आणि रानडे-भांडारकरांसारखे लोक सल्लागार होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. जी आई वाँटेजला विचारत होती की माझ्या मुलीला मला न विचारता का शिकवता, तिलाच आता पुण्यातले पालक तेच विचारत होते. रमाबाईंचं उत्तर असं, की मी कोणावर सक्ती केली नाही आणि दार लावूनही घेणार नाही. सिस्टर जेराल्डीन यांनीही फार वेगळं उत्तर दिलं नसतं. मुलांसमोर विश्वास जगायचा आणि तरी त्याचा परिणाम होऊ द्यायचा नाही, हे कोणालाच साधलेलं नाही. या संग्रहातल्या निम्म्या लेखांचा पेच नेमका हाच आहे.

आता आपल्या पंथांविषयी. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत, आणि त्यांतले कितीजण आपापला पंथ विचार करून निवडतात? मिशनांनी जिल्हे वाटून घेतले होते. नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, जालना आणि नागपूरला स्कॉटिश, डहाणूकडे ब्रदरन, अकोला-बुलढाण्याकडे अलायन्स. आजोबांच्या गावात जे मिशन आधी पोहोचलं तो आपला पंथ. वसई-उत्तन आणि मुंबईच्या गावठाणांतले कॅथलिक पोर्तुगिजांच्या काळापासूनचे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावरही त्यांची देवळं आणि प्रार्थना टिकल्या. तेव्हा आपल्याकडे पंथभेदाचा अभिमान बाळगणं म्हणजे बहुतेक वेळा जिल्ह्याचा अभिमान बाळगणं आहे. माझं माहेर नगरचं आणि सासर वसईचं. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ज्या तत्त्वांवरून आवाज चढवले, त्यांतलं एकही तत्त्व त्यांच्यापैकी कोणी निवडून घेतलेलं नव्हतं.

१९७० हे साल या संदर्भात दोनदा महत्त्वाचं ठरतं. त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं: अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियनांची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. बोलणी १९२९ पासून चालली होती. बिशप हवेत की नकोत यावर भरपूर शाई खर्च झाली, पण जिवाला लागणारी गाठ बाळांच्या बाप्तिस्म्याची होती. १९४७ मध्ये झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियात बॅप्टिस्ट नव्हते, त्यामुळे तिथे ती टळली. नागपुरात दोन्ही बाजू एका छपराखाली आल्या आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. पालकांनी बाळाचा बाप्तिस्मा करावा आणि मोठेपणी त्यानं विश्वास जाहीर करावा. किंवा बाळाला फक्त आशीर्वाद द्यावा आणि बाप्तिस्मा त्यानं समजत्या वयात घ्यावा. ज्या प्रश्नावरून झुरिकला माणूस बुडवला होता, त्यावर नागपुरात मतभेद तसाच ठेवून लोक एका मेजाशी बसले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट आयत्या वेळी बाहेर राहिले, आणि पुढे या चर्चमध्ये मालमत्तेचे आणि खुर्च्यांचे जे खटले चालले ते कौतुकाचे नाहीत. तरी मुलांपुरतं बोलायचं तर नागपूरचा तो निर्णय जगातल्या ख्रिस्ती इतिहासात उठून दिसणारा आहे, आणि आपल्याच मुलांना तो आपण शिकवत नाही.

त्याच वर्षी ३१ मार्चला पोप पॉल सहावे यांनी मिश्र विवाहांचे नियम सैल केले. तोवर कॅथलिक माणसाशी लग्न करणाऱ्या प्रॉटेस्टंटालाही लेखी कबूल करावं लागे, की सगळी मुलं कॅथलिक वाढवू. १९७० नंतर वचन फक्त कॅथलिक जोडीदारानं द्यायचं, तेही आपल्याकडून होईल तेवढं करण्याचं. दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची. १९८३ च्या धर्मविधी संहितेत हेच कायम झालं. कागदावर फरक एका सहीचा. ती सही काय करू शकते, हे आयर्लंडनं पाहिलं होतं. १९५७ मध्ये वेक्सफर्ड परगण्यातल्या फेदर्ड-ऑन-सी या गावात शीला क्लोनी या प्रॉटेस्टंट बाईंनी थोरल्या मुलीला कॅथलिक शाळेत घालायला नकार दिला. स्थानिक धर्मगुरू मागे लागले तेव्हा त्या दोन्ही मुलींना घेऊन गाव सोडून गेल्या. गावातल्या कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट दुकानांवर, शेतकऱ्यांवर, अगदी पियानो शिकवणाऱ्या बाईंवरही बहिष्कार घातला. पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना संसदेत त्याचा निषेध करावा लागला. नवरा शॉन, स्वतः कॅथलिक, बायकोच्या बाजूनं उभा राहिला. कुटुंब परत आलं, आणि आईवडिलांनी मुलींना दोन्हींपैकी एकाही शाळेत न पाठवता घरीच शिकवलं. तिथल्या बिशपनं माफी मागितली ती १९९८ मध्ये.

आपल्याकडे बहिष्कार पडत नाहीत, पण गेल्या काही वर्षांत एक नवं दुःख घराघरांत शिरलं आहे. कॉलेजात गेलेला मुलगा मित्राबरोबर एखाद्या फेलोशिपमध्ये जायला लागतो. गिटार असते, जोरकस उपदेश असतो, आपुलकी असते; आपल्या चर्चमध्ये कोणी त्याला नावानंही ओळखत नसतं. वर्षभरानं तो घरी येऊन सांगतो, की मी पुढच्या रविवारी बाप्तिस्मा घेतोय. आई म्हणते, अरे, तुझा झालाय ना. तो म्हणतो, तो खरा नव्हता. तो बाप्तिस्मा तिनं मागितला होता, बाळाला पांढरा झबला तिनं शिवला होता, आणि त्या दिवशी मंडळीसमोर वचन तिनं दिलं होतं. मुलाला वाटतं, आपण देवाकडे चाललोय. आईला वाटतं, आपलं वचन खोटं ठरवलं. संग्रहात या प्रसंगावर आई, मुलगा आणि पाळक अशा तिघांचे लेख आहेत आणि तिघांची मतं जुळत नाहीत. मी आईच्या बाजूची आहे. पण त्या मुलाला आपल्या बाप्तिस्म्याचा अर्थ अठरा वर्षांत एकदाही कोणी नीट सांगितला नव्हता, हे त्याच्या लेखातलं वाक्य मला खोडता येत नाही.

मिश्र घरांत हल्ली एक सोयीचं उत्तर ऐकू येतं: पंथबिंथ नको, मुलं नुसती ख्रिस्ती वाढवू. ऐकायला छान आहे. पण नुसतं ख्रिस्ती मूल मी अजून पाहिलेलं नाही. मुलाला कुठल्या तरी बाकावर बसावं लागतं, कुठल्या तरी पुस्तकातली गाणी पाठ व्हावी लागतात, आजारी पडलं तर कोणी तरी पाळक किंवा फादर दाराशी यावा लागतो. रमाबाईंनी पंथ नाकारला हे खरं. पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी स्वतःच एक अख्खी मंडळी उभी केली. दोन नोकऱ्या सांभाळणाऱ्या पुण्यातल्या जोडप्याला ते जमायचं नाही. त्यांनी एक मंडळी पत्करावी आणि दुसरीची नालस्ती घरात होऊ देऊ नये. आमच्या घरी मुलं मिस्साला जातात आणि नाताळात माझ्या माहेरी रेव्हरंड टिळकांची पदं म्हणतात. हा आदर्श म्हणून सांगत नाही. सासूबाईंची आणि माझी तडजोड म्हणून सांगते.

लेखांचा दर्जा सारखा नाही. काही लेखकांना पहिल्यांदाच लिहायला बसवलं होतं आणि ते कळतं. काहींनी वचनांची इतकी गर्दी केली आहे की त्यांचं स्वतःचं मूल त्यात दिसेनासं झालं आहे. संपादकांनी ते लेख गाळले असते तर माझी तक्रार नव्हती. पण आज्यांचे लेख विलक्षण आहेत. शिकवायचं म्हणून त्यांनी काहीच शिकवलेलं नाही. त्या रोज संध्याकाळी बसल्या, जपमाळ ओढली किंवा शास्त्राचा एक अध्याय मोठ्यानं वाचला, आणि नातवंडं आजूबाजूला खेळत होती. बुशनेलला जे सांगायला पुस्तक लिहावं लागलं ते या बायका न सांगता करत होत्या, आणि त्यांतल्या कॅथलिक कोण व प्रॉटेस्टंट कोण, हे दोन-दोन पानं वाचूनही ओळखू येत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. अनुक्रमणिका उघडल्यावर हात आपोआप आपल्या मंडळीच्या लेखाकडे जाईल. तो लेख शेवटी वाचा. आधी त्या पंथाचा लेख वाचा ज्यात तुमची लेक किंवा सून गेली आहे.